पुरुषाच्या शरीरातील बीजाची वाट



मृगाच्या तोंडावर गडहिंग्लजच्या बाजारपेठेत उभे राहिले की बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी दिसते. हिरण्यकेशीकाठचा शेतकरी बी घेताना दुकानदाराला सहजासहजी सोडत नाही. बी कुठले, यंदाचे की गेल्या सालचे, शंभरात किती उगवेल, सगळे विचारून घेतो. घरी आणल्यावर मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून उगवण बघतो, मगच कुरी धरतो. गाय गाभ राहिली नाही तर गाय तर दाखवतोच, पण वळूतही काही खोट आहे का, तेही बघतो.

हाच शहाणा माणूस स्वतःच्या घरात मात्र वेगळा वागतो. लग्नाला तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की सुनेला दवाखान्यात नेतात, देवाला नेतात, उपास करायला लावतात. मुलाला तपासून घ्या असे कोणी म्हटले तर घरात भांडण होते. चौथी मुलगी झाली की दोष पुन्हा तिचाच. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली की तीही तिनेच करून घ्यायची. आणि वयात आलेला पोरगा मनातल्या मनात घाबरून बाजारातल्या एखाद्या तंबूत बसलेल्या 'वैद्या'च्या हाती बापाच्या घामाचे पैसे देऊन येतो. या चारही गोष्टींचे मूळ एकच आहे. पुरुषाच्या शरीरात बीज कुठे तयार होते, कोणत्या वाटेने जाते आणि त्याचे काम काय, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही. ते आज सरळ शब्दांत समजून घेऊ.

हा विषय लाजेचा आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी एका मराठी माणसाची आठवण ठेवावी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवले. शरीराची माहिती उघडपणे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्व्यांना नोकरी सोडावी लागली, दंड भरावा लागला, पण ते थांबले नाहीत. त्यांच्या मानाने आपल्याला आज फार थोडे धैर्य लागणार आहे.

बाहेरून सुरुवात करू. पुरुषाचे जे अवयव बाहेर दिसतात ते दोन: शिश्न, आणि त्याच्या मागे लोंबणारी कातड्याची पिशवी. या पिशवीला वृषणकोश म्हणतात. तिच्यात दोन वृषण असतात, ज्यांना गावात आपण गोळ्या म्हणतो. प्रत्येक वृषण चार ते पाच सेंटिमीटर लांबीचा, लहानशा अंड्याच्या आकाराचा असतो. बहुतेकांत एक गोळी दुसरीपेक्षा जरा खाली असते आणि दोन्ही अगदी सारख्या मापाच्या नसतात. कित्येक मुले उगाच यानेच घाबरतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता पहिला प्रश्न असा, की इतका नाजूक अवयव निसर्गाने पोटात सुरक्षित न ठेवता बाहेर का टांगला? याचे उत्तर तुमच्या घरातच आहे. आपण बियाणे चुलीजवळ ठेवत नाही. ते गार, कोरड्या जागी ठेवतो, कारण उष्णतेने बी मरते. वृषणाचेही तसेच आहे. बीज तयार होण्यासाठी शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा दोन ते तीन अंशांनी कमी उष्णता लागते. म्हणून ते पिशवीत बाहेर असतात. थंडीत ही पिशवी आकसून अंगाशी येते आणि उन्हाळ्यात सैल होऊन खाली लोंबते. हे तिचे काम तुमच्या-माझ्या इच्छेने नव्हे, आपोआप चालू असते.

गर्भात असताना मात्र वृषण पोटात, पाठीच्या बाजूला तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतल्या वाटेने खाली पिशवीत उतरतात. काही मुलांत एक किंवा दोन्ही वृषण वाटेतच अडकतात. बाळाला न्हाऊ घालताना आईच्या किंवा आजीच्या हाताला पिशवी रिकामी लागते. अशा वेळी 'मोठा झाला की उतरेल' म्हणून वर्षानुवर्षे थांबू नये. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. तोपर्यंत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. लहानशी शस्त्रक्रिया करून तो खाली आणून बसवतात, आणि ती पहिल्या दीड वर्षाच्या आत झालेली बरी. वृषण वर उष्णतेत राहिला तर पुढे बीज नीट तयार होत नाही आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायकांना ही एक गोष्ट माहीत झाली, तरी कित्येक संसार वाचतील.

वृषणाच्या आत काय असते? संत्र्याच्या फोडींसारखे दोन-अडीचशे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात केसासारख्या बारीक नळ्या वेटोळी घालून बसवलेल्या असतात. या सगळ्या नळ्या उलगडून टोकाला टोक जोडली तर त्यांची लांबी काही शे मीटर भरेल. या नळ्यांच्या भिंतीत रात्रंदिवस शुक्राणू तयार होत असतात. एक शुक्राणू पूर्ण घडायला साधारण सत्तर दिवस, म्हणजे ज्वारी निसवायला लागतात तितके दिवस लागतात. हा हिशेब लक्षात ठेवा. आज जोराचा ताप आला तर त्याचा परिणाम शुक्राणूंवर दोन-अडीच महिने दिसू शकतो. आणि आज तंबाखू सोडली तर तिचा फायदाही तितक्याच दिवसांनी दिसू लागतो.

वृषणाचे दुसरेही एक काम आहे, आणि ते पहिल्यापेक्षा अगदी वेगळे आहे. नळ्यांच्या मधल्या जागेत काही पेशी असतात. त्या एक रस तयार करून थेट रक्तात सोडतात. त्याला टेस्टोस्टेरॉन म्हणतात. मिसरूड फुटणे, आवाज बसून जाड होणे, अंगावर केस येणे, दंड-मांड्या भरणे, कामेच्छा जागी होणे, हे सारे या रसाचे काम. म्हणजे वृषण हे एका छपराखालचे दोन कारखाने आहेत. एकाचा माल नळीतून बाहेर जातो आणि दुसऱ्याचा रक्तातून साऱ्या अंगाला पोहोचतो. हे नीट ध्यानात ठेवा. पुढे नसबंदीच्या वेळी कामाला येणार आहे.

या दोन्ही कारखान्यांचा मुकादम मेंदूच्या खाली बसलेला असतो. वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिला पीयूषिका म्हणतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी झाले की ती काम वाढवण्याचा हुकूम सोडते आणि जास्त झाले की हुकूम थांबवते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला तालमीची हौस फार, म्हणून इथे एक सांगायलाच हवे. लवकर अंग भरावे म्हणून काही पोरे हल्ली व्यायामशाळेत कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. रक्तात बाहेरून माल आलेला पाहून मुकादम कारखाने बंद करण्याचा हुकूम देतो. वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात, कधी पार नाहीसे होतात. दंड फुगलेला दिसतो, पण आत पेरणीला बी नसते. इंजेक्शने बंद केल्यावर पूर्ववत व्हायला कित्येकांना महिनेच्या महिने लागतात, आणि काहींचे पुरते भरून येतच नाही. तालमीच्या वस्तादांनी ही गोष्ट पोरांना बजावून सांगावी.

आता शुक्राणूच्या वाटेने जाऊ. वृषणातून निघालेला शुक्राणू लगेच पोहू शकत नाही. वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेली एक गुंडाळी असते, तिला अधिवृषण म्हणतात. ही एकच नळी असून उलगडली तर सहा मीटर भरेल. तिच्यातून जाता जाता शुक्राणू परिपक्व होतो आणि तिथेच साठून राहतो. तिथून पुढे शुक्रवाहिनी सुरू होते. शेवईपेक्षा जरा जाड आणि हाताला दोरीसारखी घट्ट लागणारी ही नळी दोन्ही बाजूंना एक-एक असते. ती पिशवीतून वर चढते, जांघेतल्या वाटेने पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालून त्याच्या मागे येते. तिथे तिला शुक्राशय नावाच्या पिशवीची नळी मिळते, आणि दोघी मिळून मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या पुरःस्थ ग्रंथीत, म्हणजे प्रोस्टेटमध्ये शिरून मूत्रमार्गाला मिळतात. पुढची वाट एकच, शिश्नातून बाहेर.

दोन ओढे जिथे मोठ्या ओढ्याला मिळतात तसे हे ठिकाण आहे. मूत्र आणि वीर्य दोघांनाही पुढची वाट एकच असल्यामुळे ती दोन्ही मिसळतात असा कित्येकांचा समज असतो. तसे होत नाही. वीर्य बाहेर पडण्याच्या क्षणी मूत्राशयाचे तोंड आवळून बंद होते, जसा पाटाचा एक दार पाडून दुसरे उघडावे तसे. लघवीबरोबर कधी पांढरट गढूळ पाणी गेले तर ते बहुतेक वेळा लघवीतले क्षार असतात. 'धातू जाते' म्हणून घाबरण्याआधी साधी लघवीची तपासणी करावी.

शिश्नात हाड नसते. त्यात स्पंजासारखे तीन लांबट भाग असतात. मेंदूकडून इशारा आला की त्यांत रक्त भरते आणि परत जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात, त्यामुळे ताठरता येते. म्हणजे हे सारे रक्तवाहिन्यांचे आणि मज्जातंतूंचे काम आहे. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, विडी-सिगारेट आणि दारू यांनी रक्तवाहिन्या खराब झाल्या की ताठरता कमी होते. कित्येकदा हृदयविकाराची ती आगाऊ सूचना असते. तेव्हा अशी तक्रार असेल तर भिंतीवरच्या जाहिरातीतला फोन नंबर न फिरवता डॉक्टरांकडून साखर आणि रक्तदाब मोजून घ्यावा.

आता वीर्याविषयी. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले, की चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू मानले आहेत आणि शुक्र शेवटचा. त्यावरून ही समजूत रुजली असावी. आजच्या शरीरशास्त्राने प्रत्यक्ष पाहून ठरवलेले असे, की वीर्य रक्त आटवून होत नाही. एका वेळी साधारण अर्धा ते एक चहाचा चमचा वीर्य बाहेर पडते. त्यातला सुमारे दोनतृतीयांश भाग शुक्राशयाचा रस, बाकीचा बहुतेक प्रोस्टेटचा रस आणि शंभरात फार तर पाच भाग वृषणातून आलेले शुक्राणू. त्या रसात शुक्राणूंच्या शिदोरीसाठी थोडी साखर असते, क्षार असतात, पाणी असते. एक घोट दुधात याहून जास्त पौष्टिक द्रव्ये मिळतील.

वयात आलेल्या मुलाला झोपेत वीर्य जाते, त्याला 'स्वप्नदोष' असे नाव दिले आहे. नावातच दोष, म्हणून मुलगा स्वतःला दोषी समजतो. खरे तर भरलेल्या हौदातून पाणी सांडावे इतकेच ते आहे. हस्तमैथुनानेही शक्ती जात नाही, डोळे जात नाहीत, अवयव वाकडा होत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. मुलगा खंगतो तो भीतीने. त्याला भूक लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि मग तो म्हणतो, 'बघा, धातू गेल्यामुळंच असं झालं.' शिक्षकमित्रांनो, आठवी-नववीतला एखादा चांगला मुलगा एकाएकी गप्प झाला, तर त्याच्या मनात हे ओझे नाही ना, ते पाहा. चार वाक्ये बोललात तरी पुरतात: हे सगळ्यांना होते, मलाही झाले, यात रोग नाही, औषध घेऊ नकोस.

एका मिलिलिटर वीर्यात दीड कोटींहून अधिक शुक्राणू असावेत असे डॉक्टर मानतात. डोके, मान आणि शेपूट असा हा शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो. हॉलंडच्या लेव्हेनहूक या कापड-व्यापाऱ्याने १६७७ साली आपणच घडवलेल्या भिंगातून तो पहिल्यांदा पाहिला. त्या काळी पुष्कळ विद्वानांना वाटले, की शुक्राणूच्या डोक्यात आख्खे मूल बारीक होऊन बसलेले असते आणि आई म्हणजे नुसती जमीन. आपल्याकडेही 'बी बापाचं, भुई आईची' हीच कल्पना आहे. ती चूक आहे. त्यापेक्षा मक्याचे उदाहरण घ्या. मक्याचा तुरा म्हणजे नर आणि कणसाचे केस हा मादीचा भाग. तुऱ्यातला पराग केसावर पडतो तेव्हा दाणा भरतो. नुसता पराग म्हणजे दाणा नव्हे. तसाच शुक्राणू म्हणजे पुरे बीज नव्हे, अर्धे. उरलेले अर्धे आईच्या अंड्यात असते. बापाकडून २३ आणि आईकडून २३ गुणसूत्रे येतात, तेव्हा ४६ होऊन गर्भ सुरू होतो. म्हणजे मुलावर आईचा हक्क जमिनीएवढा नाही, बियाण्याएवढाही आहे.

या तेविसातले एक गुणसूत्र मुलगा की मुलगी ते ठरवते. आईच्या अंड्यात ते नेहमी एक्स असते. बापाच्या शुक्राणूंत मात्र निम्म्यात एक्स आणि निम्म्यात वाय. एक्सचा शुक्राणू अंड्याला मिळाला तर मुलगी, वायचा मिळाला तर मुलगा. १९०५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी हे शोधून काढले. तेव्हा ज्या घरात 'हिच्या पोटी पोरीच' म्हणून सुनेला टाकून बोलतात, तिथे शास्त्र काय सांगते ते पाहा. आईकडे द्यायला वाय गुणसूत्रच नाही. मग बापाला दोष द्यावा काय? तोही देता येत नाही, कारण कोणता शुक्राणू पोहोचावा हे त्याच्या हाती नाही. नाणे फेकल्यासारखे ते आहे, आणि तीन वेळा छाप पडला म्हणून चौथ्यांदा काटाच पडेल असे नसते. मुलासाठी दुसरे लग्न करणाऱ्याने आपले शुक्राणू मात्र तेच नेलेले असतात.

हे आपल्या जिल्ह्यात सांगण्याला कारण आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली भरल्या फक्त ८३९. राजर्षी शाहूंच्या जिल्ह्याला हे शोभणारे नव्हते. गर्भलिंगतपासणीविरुद्ध कायदा करणारे देशातले पहिले राज्य महाराष्ट्रच. तो १९८८ साली झाला आणि १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा आला. कायद्याने यंत्रावर पहारा बसला, पण मनातली समजूत बदलायची तर ती शाळेत आणि घरात बदलावी लागते.

आता मूल न होण्याविषयी. वर्षभर एकत्र राहून गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी, आणि ती दोघांनीही एकाच वेळी करावी. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणाबरोबर. स्त्रीच्या तपासण्या खर्चाच्या आणि कष्टाच्या असतात. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. सुई नाही, चिरा नाही. तरी पुरुष मागे सरतो, कारण त्याला वाटते, बीज नाही म्हणजे मर्दानगी नाही. आपण वर पाहिले, की हे दोन कारखाने वेगळे. दाढीमिशा, ताकद, कामेच्छा सगळे ठणठणीत असून वीर्यात एकही शुक्राणू नाही असे पुरुष असतात. वीर्याकडे नुसते पाहून ते कळत नाही. दोष सापडला तर उपायही पुष्कळ आहेत. वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरांवर शस्त्रक्रिया होते, जंतुसंसर्गावर औषध असते.

काही कारणे आपल्या हातात आहेत. तंबाखू आणि दारू सोडावी. गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे सतत बसणाऱ्याने अधूनमधून गार हवेत यावे. वयात आल्यानंतर गालफुगी झाली आणि गोळ्या सुजल्या तर अंगावर काढू नये. औषध फवारताना उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नये. १९७७ साली अमेरिकेत डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुले होईनाशी झाली आहेत. तपासल्यावर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. ते औषध पुढे तिथे बंद झाले, पण पंप पाठीवर घेणाऱ्या प्रत्येकाने त्यापासून बोध घ्यावा.

आता नसबंदी. हा शब्द निघाला की चावडीवर हमखास एक वाक्य ऐकू येते: 'बैल बडवल्यागत व्हईल की ओ!' या वाक्यात कुटुंबनियोजनाची निम्मी अडचण भरलेली आहे, म्हणून नीट पाहू. खोंड बडवतात तेव्हा काय करतात? पूर्वी चेचत, आता जनावरांच्या दवाखान्यात चिमट्याने दाबतात. त्यात वृषणाकडे जाणारी दोरीच चेचली जाते आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या बंद पडतात. रक्त नाही म्हणून वृषण सुकून जातो. दोन्ही कारखाने बंद. टेस्टोस्टेरॉन संपते, खोंडाचा माज जातो, तो गरीब होतो. पुरुष नसबंदीत वृषणाला हातही लावत नाहीत. त्याच दोरीतून फक्त शुक्रवाहिनी तेवढी बाजूला काढून कापतात आणि टोके बंद करतात. रक्तवाहिन्या शाबूत राहतात. दुसरा कारखाना पहिल्यासारखा चालू, त्याचा माल रक्तातून जातोच. पहिला कारखानाही चालू राहतो, पण माल बाहेर न जाता शरीरातच जिरतो. वीर्य पूर्वीइतकेच येते, कारण शंभरातले पाच भागच कमी झालेले असतात. ताठरता, इच्छा, नांगर धरायची ताकद यांतले काही कमी होत नाही.

१९७४ साली चीनमधील डॉ. ली शुन्चियांग यांनी बिनटाक्याची पद्धत काढली. जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात, वीस मिनिटांत काम होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि आठवडाभर ओझे उचलू नये, एवढेच पथ्य. मात्र एक गोष्ट विसरू नये. वाटेत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि मग वीर्य तपासून घ्यावे. हे न पाळल्यामुळे दिवस राहतात आणि घरात बायकोवर नको तो संशय येतो. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच अशी हमी नसते, म्हणून मनाची पक्की तयारी झाल्यावरच ही शस्त्रक्रिया करावी.

स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते, ती मोठी. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ३८ जणींनी शस्त्रक्रिया केलेली आढळली, आणि पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही भरले नाही. पूर्वी असे नव्हते. सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश, १९५२ सालचा. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली आणि हजारो कामगारांनी आपणहून लाभ घेतला. पुढे १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत पुष्कळ ठिकाणी जबरदस्ती झाली. त्या जबरदस्तीने लोकांच्या मनात जी भीती बसली ती अजून निघालेली नाही. जबरदस्ती चूकच होती. पण तिचा राग आपण शेवटी आपल्याच घरच्या बाईवर काढला, हेही तितकेच खरे.

शेवटी चार सूचना. पहिली शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी. मुलाच्या गोळीत एकाएकी असह्य कळ आली, उलटी झाली, गोळी वर चढल्यासारखी दिसली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतो, एरवी सुकतो. मुलगा लाजून 'पोटात दुखतंय' एवढेच सांगतो. त्याला विश्वासाने विचारा, आणि शेक देत सकाळची वाट न पाहता तडक उपजिल्हा रुग्णालय गाठा. दुसरी: ओझी उचलणाऱ्याच्या जांघेत फुगा येऊन झोपल्यावर आत जात असेल तर तो अंतर्गळ असतो. शस्त्रक्रियेने तो कायमचा बरा होतो, नुसता पट्टा बांधून नव्हे. तिसरी: वृषणात न दुखणारी कठीण गाठ लागली तर लगेच दाखवा. हा कर्करोग तरुणांत होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक बरा होतो. चौथी म्हाताऱ्या माणसांसाठी. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढते, रात्री चार-चारदा उठावे लागते, धार बारीक होते. आबा, तात्या मंडळी 'वय झालं' म्हणून सोसतात. त्यावर औषधे आहेत. एकदा दाखवून घ्या.

बंधूंनो, आपण बियाणे पारखून घेतो, माती तपासून घेतो, पाण्याची पाळी चुकवत नाही. त्यातली थोडी काळजी स्वतःच्या देहाची घ्या, आणि ही माहिती घरी सांगताना आधी आपल्या मुलाला आणि मग आपल्या आईला सांगा. सुनेला बोल लागतो तो बहुतेक तिथूनच.